पट्टी सुटेपर्यंत

महाराष्ट्राचा किनारा उत्तरेकडे जिथे संपतो, तिथे झाई हे गाव आहे. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या मागे टाकून समुद्राच्या कडेकडेने वर गेले की झाई लागते आणि तिच्यापलीकडे उंबरगाव, म्हणजे गुजरात. १९६० पूर्वी उंबरगावही ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. पुढे मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि सीमा झाईच्या अंगणाशी येऊन थांबली. २०१४ साली ठाणे जिल्हाही विभागला गेला आणि झाई पालघर जिल्ह्यात आली. गाव मच्छीमारांचे. जून लागला की सरकारी बंदीप्रमाणे मासेमारी थांबते, बोटी विसावतात, जाळी ओटीवर येतात आणि माणसे ती विणत-सांधत पाऊस बघत बसतात.

अशाच एका ओटीवर परवाच्या पावसाळ्यात आमच्या नात्यातला एक तरुण मुलगा काळा चष्मा लावून बसलेला मी पाहिला. बाहेर आभाळ गच्च भरलेले. येणाराजाणारा हसून विचारी, "काय रे, पावसात ऊन लागतं का तुला?" मुलगा नुसता हसे. उत्तर द्यायची त्याची आजी. "डोळा आहे तो, बाबा! होडी नव्हे, डांबर फासलं की लोटली पाण्यात!"

मुलाचा चष्मा लेसरच्या किरणांनी उतरवला होता. बोटीवर चष्मा म्हणजे रोजची आपत्ती. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडून काचा आंधळ्या होतात, आणि त्या पुसायला हात मोकळा नसतो. शस्त्रक्रियेला प्रत्येक डोळ्यामागे काही मिनिटेच लागली. पण ओटीवर बसणे चालले होते आठवड्यांच्या हिशेबाने. मिनिटे आणि आठवडे यांतले हे अंतर पाहून मला वाटले, की डोळ्यांच्या शस्त्रक्रियांचा जो इतिहास आपण वाचतो, तो शस्त्राचा आणि ते चालवणाऱ्या हाताचा असतो. शस्त्र खाली ठेवल्यावर रोग्याने जे दिवस काढले, त्यांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो थोडासा इथे सांगायचा आहे.

आरंभ अर्थातच सुश्रुतापासून करावा लागतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशाची, म्हणजे आपण ज्याला मोतीबिंदू म्हणतो त्याची, शस्त्रक्रिया वर्णिली आहे. शलाकेने डोळा वेधून दृष्टीआड आलेला दोष बाजूला सारायचा, असा तो प्रकार. शलाका कोणत्या बाजूने घालावी हे जसे तिथे सांगितले आहे, तसेच पुढचेही सांगितले आहे. शस्त्रक्रियेला काळ निवडावा तो फार उष्ण नाही आणि फार थंड नाही असा. नंतर डोळ्याला तूप लावून वस्त्राची पट्टी बांधावी. रोग्याने उपद्रव नसलेल्या घरात उताणे निजावे. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे, अंग कापणे ही सारी आवरावीत. दर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून काढ्याने डोळा धुवावा. असा संयम दहा दिवस. शिंक आवरायला सांगणारा हा वैद्य मला फार जवळचा वाटतो. डोळ्यावरचा ताण कुठून येतो हे त्याने रोग्यांच्या उशाशी बसूनच ओळखले असले पाहिजे.

पुढे कित्येक शतके, आपल्याकडे काय आणि युरोपात काय, हीच रीत थोड्याफार फरकाने चालू होती. ती नेहमी यशस्वी होई असे नव्हे. १७५० साली योहान सेबास्टियन बाख या थोर संगीतकाराच्या डोळ्यांवर जॉन टेलर नावाच्या फिरत्या शस्त्रवैद्याने दोनदा शस्त्र चालवले. दृष्टी तर आली नाहीच, पण प्रकृती ढासळत जाऊन काही महिन्यांतच बाख वारला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल मोतीबिंदू नुसता बाजूला न सारता डोळ्याबाहेर काढू लागला होता. ही मोठी सुधारणा खरी, पण जखमही मोठी झाली आणि अंथरुणावरचे दिवस काही कमी झाले नाहीत.

या इतिहासात एक मराठी पान आहे आणि ते महाराष्ट्राबाहेर, तंजावरात आहे. तिथले भोसले घराण्यातले राजे दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ गादीवर होते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व भोवतालचा मुलूख एवढेच उरले. तलवार गेली तेव्हा या राजाने पुस्तके आणि औषधे जवळ केली. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले, धन्वंतरी महाल उभारला आणि नेत्रचिकित्सेत स्वतः लक्ष घातले. डोळ्यांच्या रोग्यांची त्यांच्या काळची टिपणे आजही उपलब्ध आहेत. रोग कसा होता, उपचार काय केला आणि परिणाम काय झाला याच्या नोंदी त्यांत आहेत, आणि रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही काढून ठेवली आहेत. मला त्या चित्रांचे मोल विशेष वाटते. शस्त्रक्रिया झाली की काम संपले असे मानणाऱ्याला नंतरच्या डोळ्याच्या चित्राची गरज काय? चित्रकाराला रोग्यासमोर बसवणाऱ्याला तो डोळा पुढे कसा होतो, हे पाहायचे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टी घडल्या. १८८४ साली कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवले, आणि रोग्याला चौघांनी धरून ठेवण्याचे दिवस संपले. दुसरी गोष्ट जंतुनाशक स्वच्छतेची. पण शस्त्रक्रियेची वेदना गेली तरी नंतरची शिक्षा राहिलीच. जखमेला टाके घालण्याची रीत रुळेपर्यंत रोग्याला उताणे निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत, आणि एकाच डोळ्याला शस्त्र लागले असले तरी पट्टी दोन्ही डोळ्यांना बांधत. त्या अंधारात म्हातारी माणसे भ्रमिष्टासारखी बडबडू लागत, पट्टी ओरबाडू लागत. पट्टी सोडली, उजेड दिसला, की पुष्कळांचा भ्रम ओसरे. डॉक्टरांना हे ठाऊक होते. माणसाला बरे करण्यासाठी जो अंधार द्यायचा, त्यानेच तो वेडापिसा होतो, हा पेच त्यांना अनेक वर्षे सुटला नव्हता.

आपल्या गावोगावच्या नेत्रशिबिरांत ज्यांनी आजी-आजोबांना नेले आहे, त्यांना या काळाची अखेर आठवत असेल. थंडीचे दिवस धरून शाळेच्या वर्गात शिबिर लागे. ओळीने मांडलेल्या अंथरुणांवर हिरव्या पट्ट्या बांधलेली माणसे, आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी घरचे एक माणूस. थंडीच का, असे विचारले तर म्हातारे सांगत, "उन्हाळ्यात डोळा चिघळतो." सुश्रुताचे नाव त्यांना ठाऊक नसेल, पण त्याचा काळनियम ते पाळत होते. पट्टी सुटली की जाड भिंगांचा चष्मा मिळे, कारण डोळ्यातले भिंगच काढून टाकलेले असे. हॅरल्ड रिडली याने १९४९ साली लंडनमध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले, १९६७ साली चार्ल्स केलमनने ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून बारीक छिद्रातून ओढून काढण्याची युक्ती प्रचारात आणली, आणि हळूहळू अंथरूण सुटले. आनंदवनातल्या कुष्ठमुक्तांसाठी डॉ. तात्याराव लहाने यांनी शिबिरे घेतली, तेव्हा वाळूच्या पिशव्यांचा काळ मागे पडलेला होता.

आता चष्म्याचा नंबर उतरवण्याकडे वळू. इथे डोळा रोगी नसतो. त्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, ज्याला स्वच्छमंडल म्हणतात, तेवढा आवश्यक तितका वाकलेला नसतो. या पडद्याची जाडी मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यात रक्तवाहिनी नाही, आणि त्याला प्राणवायू बराचसा थेट हवेतून मिळतो. त्याची वक्रता बदलण्याचे पहिले प्रयत्न चाकूचे होते. जपानात त्सुतोमु सातो याने १९३० ते १९५० च्या दरम्यान या पडद्याला आतून छेद दिले. रोगी बरे होऊन घरी गेले, चष्मे उतरले, सारे खूश झाले. पण पडद्याचा आतला नाजूक थर दुखावला होता. तो थर पुन्हा उगवत नाही. वीसेक वर्षांनी त्यांतले बरेच डोळे गढूळ होत गेले. बोगोटाच्या होसे बाराकेरने १९४९ साली वेगळी कल्पना मांडली. पडद्याची चकती काढायची, ती गोठवायची, कातून तिला आकार द्यायचा आणि परत बसवायची. पुढे १९७० नंतर मॉस्कोच्या फ्योदोरोव्हने बाहेरून किरणांसारखे छेद देण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत तशा शस्त्रक्रियांचा दहा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा १९९४ साली दिसले की शंभरातल्या ४३ डोळ्यांत नंबर हळूहळू उलट्या दिशेला सरकला होता. म्हणजे दहा वर्षांनंतरही डोळा स्थिरावला नव्हता. 'बरा झाला' हा शब्द किती जपून वापरावा, हे या दोन हकिगतींवरून कळते.

लेसरची कथा याहून गमतीची. मद्रासेत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधक होते. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. १९८१ च्या नोव्हेंबरात तिथल्या आभारदिनाच्या मेजवानीतला उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा श्रीनिवासन यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर लेसरचा अतिनील किरण सोडला. मांसात स्वच्छ चर उमटला, पण भोवतीचा भाग करपला नाही. १९८३ साली नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी हाच किरण डोळ्याच्या पडद्यासाठी सुचवला. एका स्पंदनात हा किरण मिलिमीटरच्या सुमारे चार हजाराव्या भागाएवढा थर उडवतो. एक नंबर उतरवायला मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी खोली पुरते. १९८८ साली अमेरिकेत मार्गरिट मॅक्डॉनल्ड यांनी दिसत्या माणसाच्या डोळ्यावर हा प्रयोग केला. थोड्याच काळात क्रीटच्या योआनिस पालिकारिस याने पडद्याची पातळ झडप उचलून तिच्याखाली लेसर चालवायचा आणि झडप परत मिटवायची, ही लेसिक नावाची रीत बसवली.

दोन रीतींतला खरा फरक आहे तो नंतरच्या दिवसांचा. झडपेच्या रीतीत वेदना थोडी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेकांना स्पष्ट दिसते. पहिल्या, पृष्ठभागावरच्या रीतीत वरचा पापुद्रा खरवडून टाकतात. तो कडेकडून मध्याकडे सरकत तीन ते पाच दिवसांत पुन्हा भरतो. तोवर डोळ्यावर मऊ भिंग पट्टीसारखे ठेवतात, डोळे झोंबतात, पाणी गळते, उजेड सोसत नाही. दिसणे स्थिरावायला आठवडे, कधी महिने जातात. उन्हाने पडद्यावर धूसरपणा येऊ नये म्हणून काही महिने काळा चष्मा लागतो. मग ही कष्टाची रीत कोणी का पत्करावी?

आमच्या मुलाला डॉक्टरांनी नंबर तपासण्याआधी विचारले होते, "काम काय करतोस?" बोटीवर जातो, दोर ओढतो, असे ऐकल्यावर त्यांनी समजावले, की झडप कडेने जुळते, पण पूर्वीइतकी घट्ट कधीच होत नाही. चेहऱ्यावर दोराचा जोराचा फटका बसला तर ती वर्षांनंतरही सरकू शकते. तेव्हा सावकाशीची रीत तुला बरी. मुलाने एकच प्रश्न विचारला, "किती दिवस पाण्यात जायचं नाही?" त्याच्या लेखी तोच खरा खर्च होता. बोटीवर न जाणाऱ्याला वाटा नाही. मग त्याने मे संपण्याची वाट पाहिली, आणि बंदी लागताच पहिल्या आठवड्यात डोळे करून घेतले.

पहिले तीन दिवस त्याने काळोख्या खोलीत काढले. पाचव्या दिवशी भिंगाची पट्टी निघाली. सगळे स्वच्छ दिसेल अशी त्याची कल्पना होती. दिसले ते धुक्यातून पाहिल्यासारखे. "फसलो की काय?" असे तो दोन रात्री आजीला विचारीत होता. डॉक्टरांनी हे आधी सांगितले होते, पण सांगणे आणि भोगणे यांत फरक असतोच. थेंब चुकू नयेत म्हणून आजी वेळा मोजत बसे. तिने चूल मागच्या पडवीत हलवली, डोळ्याला हात लागला की ओरडे. तिसऱ्या आठवड्यात त्याला खाडीपलीकडच्या बोटीवरचा झेंडा दिसला आणि तो गप्प झाला.

उपद्रव नसलेले घर, बेताचा ऋतू, धुराची आणि हाताची आवर! आजीने पुस्तक वाचले नव्हते. यंत्राने शस्त्राचा वेळ सेकंदांवर आणला, आणि तो माणसाचा मोठाच विजय आहे. पण पापुद्रा भरायचा तो आपल्याच चालीने भरतो, आणि पडद्यातल्या तुटलेल्या मज्जातंतूंना पुन्हा वाढायला आजही महिने लागतात. पूर्वी हे दिवस इस्पितळ सांभाळी. आता ते रोग्याच्या घरी आले आहेत. ज्याला पगारी रजा आहे, त्याला ते फारसे जाणवत नाहीत. ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे, त्याला ते कुठून तरी मागून आणावे लागतात. झाईच्या या मुलाला ते समुद्राने दिले, कारण त्या दोन महिन्यांत समुद्र कोणालाच बोलवत नव्हता. शेतमजुराला, विटभट्टीवरच्या बाईला ते कोण देणार, हा प्रश्न कोणत्याही लेसरने सुटणारा नाही. शस्त्रक्रियेचा खर्च मोजताना या दिवसांची मजुरीही मोजली पाहिजे, एवढे तरी आपल्याला करता येईल.

नारळी पौर्णिमेला मी झाईला होतो. नारळ पाण्यात पडले, बोटींची इंजिने धडधडू लागली. मुलगा नाळेवर उभा होता, काळा चष्मा अजून डोळ्यांवर होता, कारण डॉक्टरांची मुदत संपली नव्हती. किनाऱ्यावरून कोणी तरी पुन्हा हसून काही ओरडले. या वेळी आजीने उत्तर दिले नाही. बोट खाडीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंत ती कपाळावर हात धरून पाहत राहिली.