उजवा कान, डावा कान : जुन्या पॉप रेकॉर्डांचे मोनो आणि स्टिरिओ पाठ

१९७६ सालची गोष्ट. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी एकाच स्पीकरचा रेकॉर्ड प्लेअर होता. कॉलेजातल्या एका मित्राकडे मात्र नवाकोरा स्टिरिओ आला, तोही हेडफोनसकट. त्याने बीटल्सची पहिली एलपी ‘प्लीज प्लीज मी’ लावली आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. ढोल वाजतोय, गिटार वाजतेय, पण गाणं म्हणायला कोणी येतच नाही! मी विचारलं, “अरे, गाणारे गेले कुठे?” सगळे हसायला लागले. मित्राने हेडफोन काढून उलटा घातला. आता आवाज कानात खणखणीत, पण वाद्यं कुठेतरी शेजारच्या खोलीत.

मग मला सांगावं लागलं की सातव्या वर्षी आलेल्या दुखण्यानंतर माझा उजवा कान गेलेला आहे. तोवर मी ही गोष्ट मित्रांपासून लपवून ठेवली होती. एका रेकॉर्डने ती पाच मिनिटांत उघडी पाडली. मला शरमल्यासारखं झालं, पण घरी येताना डोक्यात दुसराच प्रश्न घोळत होता. गाणाऱ्यांना एका बाजूला आणि वाजवणाऱ्यांना दुसऱ्या बाजूला बसवायचं, हे ठरवलं कोणी?

उत्तर मिळायला बरीच वर्षं लागली. हे कोणी ठरवलेलंच नव्हतं.

स्टिरिओ तेव्हाही काही नवं नव्हतं. इएमआय कंपनीतले इंजिनिअर अॅलन ब्लुमलाइन यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला डिसेंबर १९३१ मध्ये. मोनो रेकॉर्डची सुई फक्त आडवी हलते. ब्लुमलाइन यांची युक्ती अशी, की खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत तिरप्या ठेवायच्या आणि प्रत्येक भिंतीवर एकेक आवाज कोरायचा. एक सुई, दोन आवाज. ब्लुमलाइन १९४२ मध्ये विमान अपघातात गेले आणि स्टिरिओ एलपी सर्रास दुकानात यायला १९५८ उजाडलं. तीही सुरुवातीला मुख्यत्वे वाद्यवृंदाच्या शौकिनांसाठी. पॉप संगीत घेणारी तरुण मुलं एका स्पीकरच्या पेटीवर आणि रेडिओवर ऐकायची. त्यामुळे पॉपमध्ये खरी रेकॉर्ड म्हणजे मोनो, असाच सगळ्यांचा हिशोब होता.

‘प्लीज प्लीज मी’मधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत मुद्रित झाली. टेपवर दोनच ट्रॅक होते. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी एकावर आवाज आणि दुसऱ्यावर वाद्यं घेतली. हेतू स्टिरिओचा नव्हताच. नंतर दोन्ही एकत्र करून मोनो बनवताना कोणाला किती वर आणायचं हे ठरवता यावं, एवढ्यासाठी ती सोय होती. मोनो एलपी मार्चमध्ये निघाली. एप्रिलमध्ये स्टिरिओ काढली तेव्हा तेच दोन ट्रॅक जवळजवळ जसेच्या तसे डावी-उजवीकडे मांडले गेले. म्हणजे मी १९७६ मध्ये ऐकत होतो तो एका परीने कच्चा खर्डाच.

फरक फक्त मांडणीचा असता तर हा निबंध इथेच संपला असता. पण कित्येकदा दोन्ही आवृत्त्यांत मजकूरच वेगळा असतो. शीर्षकगीताच्या स्टिरिओ पाठात शेवटच्या कडव्यात जॉन लेनन शब्द चुकतात आणि त्यांना हसू येतं तेही ऐकू येतं. मोनोत ही चूक नाही, कारण तिथे वेगळा टेक वापरलाय.

‘सार्जंट पेपर’ (१९६७) हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. मोनो मिश्रणावर बराच वेळ खर्च झाला आणि बीटल्स स्वतः त्यात लक्ष घालत होते. स्टिरिओ मिश्रण मार्टिन आणि इंजिनिअर जेफ इमेरिक यांनी नंतर थोडक्या दिवसांत, त्यांच्या गैरहजेरीत उरकलं. परिणाम कानाला कळतो. ‘शी इज लीव्हिंग होम’ मोनोत जलद आणि चढ्या सुरात आहे, तर स्टिरिओत ते संथ आणि जवळपास अर्ध्या स्वराने उतरलेलं आहे. ‘लुसी इन द स्काय’मध्ये आवाजाला दिलेला गरगरता परिणाम मोनोत कितीतरी गडद आहे. शीर्षकगीत पुन्हा येतं तेव्हा शेवटी पॉल मॅकार्टनी गर्दीवर ओरडतात, ते मोनोत स्पष्ट ऐकू येतं आणि स्टिरिओत जवळजवळ हरवतं.

हे वाचून वडोदेकरांना काहीतरी आठवायला हवं. आपल्याच गावच्या प्राच्यविद्या मंदिराने देशभरची हस्तलिखितं जुळवून वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. १९६० ते १९७५ असं ते छापण्याचं काम चाललं. पाठभेद म्हणजे काय हे या गावात कोणाला समजावून सांगायला नको. जुन्या रेकॉर्डचा प्रश्न तोच आहे. फक्त इथे पोथी फिरते.

आता थोडं माझ्या चुकीबद्दल. माझे काका १९६७ मध्ये शिकायला लंडनला होते. येताना त्यांनी ‘सार्जंट पेपर’ आणली. लेबलवर पीएमसी ७०२७, म्हणजे मोनो. स्टिरिओचा क्रमांक पीसीएस ७०२७. कव्हरच्या मागे कोपऱ्यात काकांची बारीक अक्षरातली सही होती. १९८४ मध्ये घरात दोन स्पीकर आले आणि मला वाटलं, आता ही जुनाट मोनो कशाला? मुंबईला जाऊन एका रेकॉर्डवाल्याला ती दिली, वर पैसे मोजले आणि स्टिरिओ प्रत घेऊन आलो. ज्याला एकच कान आहे अशा माणसाने! काकांनी नवी रेकॉर्ड शांतपणे ऐकली. ‘शी इज लीव्हिंग होम’ लागलं तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, “हे जरा दमल्यासारखं वाटतंय नाही?” मी म्हटलं, “काका, तुमचा प्लेअर फास्ट फिरायचा.” ते पुढे काही बोलले नाहीत. १९९८ मध्ये ते गेले. त्यांचा कान बरोबर होता हे मला २००९ मध्ये कळलं, बीटल्सच्या मोनो रेकॉर्डांचा संच निघाला तेव्हा.

याच शोधात अमेरिकेतले ब्रायन विल्सन भेटले, म्हणजे पुस्तकातून. बीच बॉइजची ‘पेट साउंड्स’ (१९६६) ही त्यांची निर्मिती. लहानपणापासून त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. त्यांनी ती रेकॉर्ड मोनोतच घडवली. पियानो, अॅकॉर्डियन, सायकलची घंटा असं सगळं एकमेकांत विरघळवून नवाच रंग काढायचा, हे मोनोतच साधतं. कॅपिटॉल कंपनीने मात्र बाजारासाठी ‘ड्युओफोनिक’ आवृत्तीही काढली. त्यात एकाच मोनो टेपचा खर्ज एका बाजूला आणि टिपेचा भाग दुसऱ्या बाजूला ढकलून स्टिरिओचा नुसता भास केला जाई. खरं स्टिरिओ मिश्रण मूळ टेपांवरून १९९० च्या दशकात झालं. ते ऐकून कळतं की त्या दाट विणीत किती धागे होते. तेव्हा मोनो ते सोनं आणि स्टिरिओ ते पितळ, असंही नाही. बीटल्सच्याच ‘हेल्टर स्केल्टर’च्या (१९६८) स्टिरिओ पाठात शेवट लांबलेला आहे आणि बोटांना फोड आल्याची रिंगो स्टार यांची आरोळी तिथेच आहे. मोनोत ती नाही. ‘अॅबी रोड’ (१९६९) तर ब्रिटनमध्ये फक्त स्टिरिओतच निघाली. तिथे स्टिरिओ हाच मूळ पाठ.

आपल्या बाजूचा एक धागाही यात आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटाचं संगीत मुद्रित करायला आले. तिथे मशीन होतं मोनोचं. कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं, अशी आठवण स्वतः हॅरिसन यांनी सांगितली आहे. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वादन आपल्या कलाकारांनी केलं. आवाज लंडनला चढला आणि मार्चमध्ये ते तबकडीच्या मागच्या बाजूला निघालं, मोनोत. स्टिरिओ मिश्रण १९७० मध्ये तयार झालं, पण लोकांपर्यंत पोहोचायला १९८१ उजाडलं. मुंबईत वाजलेलं गाणं, आणि त्याचेही दोन पाठ.

मग खरा पाठ कोणता? मी आता असं विचारतो : मिश्रण झालं तेव्हा खोलीत कोण होतं, आणि ते कोणत्या पेटीवर ऐकलं जाणार असं त्यांना वाटत होतं? १९६७ पर्यंतच्या बहुतेक पॉपला याचं उत्तर मोनो असं येतं. २०१७ मध्ये जाइल्स मार्टिन यांनी ‘सार्जंट पेपर’चं नवं स्टिरिओ मिश्रण केलं तेव्हा त्यांनी जुन्या मोनोलाच प्रमाण मानलं. ‘शी इज लीव्हिंग होम’ पुन्हा जलद झालं. काकांनी ऐकायला हवं होतं.

मंडळातल्या सभासदांना एकच विनंती. घरांतल्या माळ्यांवरून, वाड्यांतल्या कपाटांतून रेकॉर्डी निघताहेत आणि आपण त्यांची यादी करतो आहोत. यादीत नुसतं नाव लिहू नका. लेबलवरचा क्रमांक लिहा, मोनो की स्टिरिओ ते लिहा, आणि लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेली अक्षरंही भिंग लावून उतरवून घ्या. ‘ही तर आपल्याकडे आहेच’ म्हणून दुसरी प्रत रद्दीत घालू नका. मोनो रेकॉर्ड स्टिरिओ सुईवर बिनधास्त वाजते. पण जुन्या जड मोनो सुईखाली स्टिरिओ रेकॉर्ड ठेवू नका, खाच खरवडली जाते.

आणि कुठे पीएमसी ७०२७ हाती लागली तर कव्हर उलटून कोपरा जरूर पाहा. सही सापडली तर मला कळवा. रेकॉर्ड तुमच्याकडेच ठेवा, मला फक्त एकदा ऐकायची आहे. एक स्पीकर पुरेल.