एका मऊ कुकीचे तास

इतिहासावरचे व्याख्यान म्हटले, की श्रोत्यांना गड, तह आणि राजघराणी आठवतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती तळहातावर मावते आणि दोन घासांत संपते. अमेरिकेत घरोघरी भाजली जाणारी मऊ कुकी, ही ती वस्तू. मैदा, लोणी, साखर, अंडी, मूठभर बेदाणे किंवा दुसरी सुकी फळे, आणि पुडिंगच्या तयार पुडीतली भुकटी, एवढ्यावर ती होते. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने खाऊवर का बोलावे, अशी शंका कोणाला येईल. तर चळवळीचा मूळ झगडा तासांचा आहे. या कुकीत कितीकांचे तास मुरले आहेत, त्यांतले कोणते जगाने मोजले आणि कोणते मोजलेच नाहीत, हा हिशेब मला मांडायचा आहे.

प्रथम पुडीकडे वळू. १८३७ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत, आणि कस्टर्ड तर अंड्यांचेच. बर्ड यांनी अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरून कस्टर्डची भुकटी तयार केली. पत्नीला यीस्टही चालत नसे, म्हणून १८४३ साली त्यांनी बेकिंग पावडर काढली. एका घरातल्या पथ्यापायी निघालेल्या या दोन वस्तू पुढे साऱ्या जगाच्या स्वयंपाकघरांत शिरल्या. तिकडे अमेरिकेत १८४२ साली टॉमस किंग्सफर्ड यांनी मक्यातून शुद्ध स्टार्च वेगळा करण्याची रीत बसवली. तो स्टार्च आधी कपड्यांच्या खळीसाठी होता; खाण्यात तो मागाहून आला. १८९७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावी पर्ल वेट यांनी जिलेटिनची गोड, फळांच्या स्वादाची भुकटी केली. तिचे नाव जेल-ओ. दोनच वर्षांनी त्यांनी आपला सारा हक्क ४५० डॉलरला विकून टाकला. हेच नाव धारण करणारी चॉकलेट पुडिंगची पुडी १९३६ साली बाजारात आली, तोवर ते नाव जनरल फूड्स या मोठ्या कंपनीच्या मालकीचे झाले होते. १९४७ साली बर्ड यांची कंपनीही त्याच छपराखाली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर झटपट पुडिंगचे युग आले. यात शिजवण्याचे काम स्वयंपाकघरातून उचलून कारखान्यात नेले गेले. स्टार्च तेथेच शिजवून पुन्हा वाळवतात. म्हणून तो थंड दुधातही पाणी धरून ठेवतो. कुकीचा मऊपणा याच गुणावर उभा आहे. भुकटी दुधात न कालवता कोरडीच पिठात घालतात. ती ओलावा धरून बसते आणि मैद्याला चिवट होऊ देत नाही. सुमारे सव्वादोन कप मैद्याला शंभरेक ग्रॅमची एक पुडी पुरते. भट्टी १७५ अंश सेल्सियस ठेवून दहा-बारा मिनिटे भाजावे; कडा तांबूस झाल्या आणि मध्यभाग किंचित कच्चा वाटला, की पत्रा बाहेर काढावा. उरलेले भाजणे तापलेला पत्राच पुरे करतो. बेदाणे आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून निथळून घ्यावेत, नाही तर ते पिठातले पाणी ओढून घेतात. आपल्या घरातली कस्टर्ड पावडर मात्र येथे तेच काम करीत नाही. तिच्यातला कॉर्नफ्लोअर कच्चा असतो. त्याने बिस्किट मऊ न होता खुसखुशीत होते. घरी करून पाहणाऱ्या भगिनींनी, आणि बंधूंनीही, हा फरक ध्यानात ठेवावा.

आता भट्टीकडे येऊ. भाजण्याच्या कामाचे तास मोजा, ही मागणी प्रथम बेकरीतून उठली. लंडनमधील बेकरी-कामगारांच्या हालांवर ट्रेमेनहीर यांचा सरकारी अहवाल १८६२ साली निघाला. रात्ररात्र चालणारे काम, तळघरातली कोंदट हवा आणि तेथेच झोपणारी पोरे हे सारे त्यात आले होते. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री नऊ ते पहाटे पाच बेकरीत राबवण्यास बंदी आली. न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली बेकरी-कामगारांसाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. युटिका गावच्या लॉकनर नावाच्या बेकरीमालकाला ती मोडल्याबद्दल दंड झाला, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०५ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ही मर्यादाच रद्द केली. कारण काय, तर ती करार करण्याच्या स्वातंत्र्यावर घाला घालते! भट्टीसमोर साठ तासांहून अधिक उभे राहण्याचे हे स्वातंत्र्य कोणत्या कामगाराने मागितले होते, हे निकाल वाचून मला आजवर उमगलेले नाही.

१९२५ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बेकरीतील रात्रपाळीस मनाई करणारा ठराव संमत केला. रात्र म्हणजे निदान सलग सात तास, आणि त्यांत अकरा ते पाच हा काळ आलाच पाहिजे, अशी चोख व्याख्या त्यात होती. चळवळीच्या दृष्टीने हे फार मोठे पाऊल होते. परंतु त्याच ठरावात एक अपवाद आहे. घरच्या माणसांनी घरच्या खाण्यासाठी केलेल्या पदार्थांना ही मनाई लागू नाही. अपवाद व्यवहाराला धरूनच आहे. कोणाच्या चुलीपुढे निरीक्षक उभा करावा, असे मीही म्हणणार नाही. पण तेच पीठ, तीच आच आणि तीच रात्र उंबरठ्याच्या आत आली, की तिला काम म्हणत नाहीत, एवढे या एका ओळीवरून दिसते.

राहिले बेदाणे. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोच्या परिसरात बिनबियांची थॉम्पसन जातीची द्राक्षे उन्हाळ्याच्या अखेरीस हाताने तोडून, वेलींच्या ओळींमधल्या जमिनीवर कागद अंथरून उन्हात वाळवीत. चार-साडेचार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे कुकीत पडणाऱ्या मुठीमागे चौपट ओझे कोणी तरी वाकून उतरवलेले असते. या मजुरांचे काय? १९३५ साली अमेरिकेने कामगारांना संघटनेचा हक्क कायद्याने दिला. १९३८ साली किमान वेतन आणि जादा तासांचा कायदा केला. दोन्ही कायद्यांनी शेतमजूर आणि घरकाम करणारे नोकर यांना बाहेर ठेवले. कारखान्यात स्टार्च शिजवणारा कामगार आत आला. पण द्राक्षे तोडणारा आणि दुसऱ्याच्या घरी भाजणारी बाई दाराबाहेरच राहिली. घरच्या गृहिणीचा तर प्रश्नच कोणी काढला नाही.

मळ्यातला मजूर पुढे आपल्या पायांवर उभा राहिला. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डिलेनो येथे लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. आठवड्याभरात सीझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना येऊन मिळाली. हा झगडा ताज्या द्राक्षांचा होता, बेदाण्यांचा नव्हे. पण माणसे त्याच खोऱ्यातली आणि त्याच उन्हातली. गावोगावच्या गिऱ्हाइकांनी द्राक्षे घेणे सोडले, तेव्हा १९७० साली मळेवाल्यांनी करार केले. १९७५ साली कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदा केला. त्या यशात दुकानात उभे राहून 'नको' म्हणणाऱ्या बायकांचा वाटा फार मोठा आहे.

हे सारे दूरचे वाटत असेल, तर आपल्या तासगावची आठवण करून देतो. तेथली तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात थॉम्पसनमधूनच निवडलेली आहे. आपला बेदाणा जमिनीवर न वाळवता शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवतात. पण घड तोडणारे आणि जाळ्यांवर पसरणारे हात येथेही मजुरांचेच आहेत.

आणि बेकरी? माझ्या लहानपणी मे महिन्यात आई रवा, मैदा, तूप, साखर पिशवीत भरून देई आणि आम्ही पोरे गल्लीच्या बेकरीत नंबर लावीत असू. संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी येई. एकदा भट्टीवरच्या माणसाला मी विचारले, "काका, तुम्ही झोपता केव्हा?" तो हसून म्हणाला, "पाव संपला की." तो काही गाऱ्हाणे सांगत नव्हता. पुढे संघटनेचे काम करू लागलो तेव्हा ते उत्तर मला पुनःपुन्हा आठवले, आणि त्याच्यासाठी मी मागण्यांची पत्रके लिहिली. पण ज्या आईने पहाटे उठून ते तूप फेसले होते, तिला तो प्रश्न मी कधीच विचारला नाही. माझ्या पत्रकांत तिचे तास नव्हते.

ते आजही फारसे कुठे येत नाहीत. भारत सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. पुडीने वाचवलेली दहा मिनिटे या पाच तासांत कुठे बुडतात, ते समजायला गणित फार लागत नाही. पुडी वाईट नाही. तिने अंडे फेसणाऱ्या हाताला खरोखरच विसावा दिला. फक्त वाचलेला वेळ कोणाच्या खात्यावर जमा करायचा, हे पुडी ठरवू शकत नाही. ते घरातल्या माणसांनी ठरवायचे आहे.

म्हणून एक लहानशी विनंती करून आपली रजा घेतो. येत्या रविवारी घरी कुकी करा, नानकटाई करा, नाही तर साधा शिरा करा. कोणी किती वेळ उभे राहिले, भांडी कोणी घासली, ओटा कोणी पुसला, हे एका कागदावर लिहून काढा आणि खाण्याआधी तो मोठ्याने वाचा. आमच्या चळवळीची सुरुवातही अशाच एका कागदापासून होत असते.