टाकीचे घाव आणि टकारी

इतिहास म्हणजे तह, सनदा आणि लढाया, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सिल्वाशाचा इतिहास या समजुतीस फार सोयीचा आहे. १७८३ साली मराठ्यांकडून नगर हवेली पोर्तुगिजांच्या हाती गेली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या मुलखात जाण्याच्या वाटेचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९६० साली त्याचा निकाल लागला. हे सारे कागदोपत्री नमूद आहे. परंतु ज्या काळ्या दगडावर हा मुलूख उभा आहे, त्याने या सरहद्दी कधी मानल्या नाहीत. दख्खनच्या पठाराचाच तो पाषाण सह्याद्री उतरून दमणगंगेच्या खोऱ्यात पसरला आहे. वारल्याच्या कुडाच्या घरात जाते घरघरत असे, तसेच ते पुण्याच्या वाड्यातही घरघरत असे. गोमंतकात त्यालाच दांतें म्हणतात. या घरगुती दगडांचा आणि ते घडविणाऱ्या हातांचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहिला नाही.

जाते किंवा पाटा एकदा घडविला म्हणजे जन्माचे काम झाले, असे नव्हे. दळता-वाटता दगड गुळगुळीत होतो. मग धान्य दळले जाण्याऐवजी नुसते चेपले जाते, पीठ जाडेभरडे उतरते आणि मिरची पाट्यावर घसरू लागते. अशा वेळी टकारी दाराशी येई. अंगणात वा पडवीत बसून तो हातोडीने टाकीवर हलके, सारखे ठोके देत दगडाच्या पाठीवर बारीक खाचा पाडी. ठोका जड पडला तर कपचा उडे, हलका पडला तर खाच धरत नसे. टाकी लावून झाल्यावर मूठभर धान्य दळून ते टाकून द्यावयाचे, म्हणजे पुढच्या भाकरीत कच लागत नसे. या टाकीवरूनच त्या कारागिराच्या जातीस टकारी हे नाव मिळाले.

त्याच्या हातून उठलेले हे दगड आपण देवकार्यात मानाने पुजतो. लग्नाची हळद जात्यावर दळतात. विवाहविधीत वधूला अश्म्यावर, म्हणजे दगडावर, पाऊल ठेवावयास सांगून संसारात त्याच्यासारखी स्थिर राहा असा आशीर्वाद देतात. बारशाला वरवंटा सजवून पाळण्याखालून-वरून फिरवितात. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण मुलांना सांगतो. या म्हणीत दगडाचे सोसणे आले; टाकी धरणाऱ्याने काय सोसले, ते आले नाही.

ते कायद्याच्या पुस्तकात आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली त्याचा विस्तार मुंबई इलाख्यापर्यंत झाला. ज्या जमाती या कायद्याखाली आल्या, त्यांत टकारीही होते. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहून त्याची नोंद व्हावयाची, बोटांचे ठसे घेतले जावयाचे, पोलिसांकडे हजेरी लागावयाची. सोलापूरच्या वसाहतीत अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. दारोदार फिरणे हाच ज्याचा धंदा, त्याचे फिरणेच संशयास्पद ठरले.

येथे सिल्वाशाची सरहद्द आम्हांस पुन्हा आठवते. ब्रिटिशांचा हा कायदा पोर्तुगीज हद्दीत चालत नव्हता. म्हणजे दगड तोच, टाकी तीच, माणूस तोच. पण दादऱ्याचा नाका ओलांडला की त्याचा जन्मजात अपराध नाहीसा व्हावा आणि परत फिरला की पुन्हा चिकटावा! जो अपराध सरहद्दीवर गळून पडतो, तो माणसाचा नसून कायद्याचाच असतो, असे आम्हांस वकिलीच्या अनुभवावरून वाटते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमातींस विमुक्त हे नाव मिळाले. तरी १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. तो व्यक्तीस लागू होता, जातीस नव्हे. पण पोलिसांच्या नजरेला तो भेद समजावयास फार काळ लागला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत टकारी आणि पाथरूट ही नावे आजही भामटा या शीर्षकाखालीच आढळतात. इकडे पिठाची गिरणी आली, मागून मिक्सर आला. दगडावरची खाच बुजली, कपाळावरचा शिक्का मात्र राहिला.

सोमनाथपूरच्या होयसळकालीन मंदिरात मल्लितम्मा या शिल्प्याचे नाव मूर्तींखाली कोरलेले आहे. आपल्या देवळांच्या जीर्णोद्धाराच्या शिळेवर बहुधा देणगीदारांचीच नावे असतात. ती अक्षरे ज्याने कोरली त्याचे नाव त्यात नसते. पुढची शिळा बसविताना देवस्थानांच्या कार्यकारी मंडळांनी तळाशी एक ओळ राखून ठेवावी, आणि ज्यांच्या घरी जुने जाते अजून शाबूत आहे त्यांनी त्याला टाकी लावणाऱ्याचे नाव वडीलधाऱ्यांस विचारून टिपून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.