मांडवीतल्या बोटी

१. लेखकाने इथे ज्यांना नुसते ‘पणजीच्या बोटी’ म्हटले आहे, ते मांडवीत नांगरलेले तरंगते कॅसिनो. त्यांतील डेल्टिन रॉयल आणि डेल्टिन जॅक डेल्टा कॉर्पचे. मुंबईच्या जयदेव मोदींनी वाढवलेली ही कंपनी पूर्वी वस्त्रोद्योगात होती. नावही वेगळे, अ‍ॅरो वेबटेक्स. मोदींचा स्वतःचा अनुभव बांधकामाचा. हाजीअलीजवळच्या ‘क्रॉसरोड्स’ मॉलच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

धंदा पाण्यावर गेला तो कायद्यामुळे. १९७६ च्या कायद्याने गोव्यात जुगाराला बंदी होती. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ चालले, आणि १९९६ मध्ये पत्ते व रूलेटच्या टेबलांना जहाजांवर मुभा मिळाली. गंमत अशी, की त्याच १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला होता! तो कधी अमलात आलाच नाही. २०२३ मध्ये रद्द झाला. नाहीतर ही जहाजे मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरही दिसली असती.

पुढे कंपनी सिक्कीममध्ये आणि ऑनलाइन पोकरमध्ये उतरली. ऑनलाइनमध्ये मात्र फासे उलटे पडले: ऑक्टोबर २०२३ मध्ये २८ टक्के जीएसटी लागला, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी.

फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना या कॅसिनोंत प्रवेशबंदी आहे. त्यामुळे पेडण्याचा माणूस दारातून परत फिरतो, तर पत्रादेवीची सीमा ओलांडून आलेला महाराष्ट्रातल्या बांद्याचा, वय २१ पूर्ण असल्यास, रीतसर आत जातो.