दिंडी दरवाजा एक, आत सगळं उघडं

एका खिडकीत तुम्ही पासवर्ड टाईप करताय आणि शेजारच्या खिडकीत कुठूनतरी उतरवून घेतलेला पत्त्यांचा खेळ चालू आहे. त्या खेळाला तुमचा पासवर्ड कळेल का? युनिक्स-लिनक्सच्या जगात कितीतरी वर्षं याचं उत्तर 'त्याने मनात आणलं तर हो' असंच होतं. (काका-मावशी मंडळी, घाबरू नका, वाचत राहा.)

१९८४ मध्ये एमआयटीत बॉब शाइफलर आणि जिम गेटीस यांनी एक्स विंडो सिस्टीम सुरू केली. आधीची स्टॅनफर्डची 'डब्ल्यू', म्हणून ही 'एक्स'! पडदा, कीबोर्ड, माऊस हे सगळं एका सर्व्हरच्या ताब्यात. बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणी करणार, अगदी दुसऱ्या यंत्रावरूनसुद्धा.

मग कुणाला आत घ्यायचं? सुरुवातीला 'एक्सहोस्ट' ही आज्ञा यंत्राचं नाव विचारायची, माणसाचं नाही. पुढे नुसतं अधिकचं चिन्ह दिलं की दार सताड उघडं. अशा पडद्यावर दुसरीकडे बसून खिडक्यांखाली लपणारी झुरळं सोडता यायची. 'एक्सरोच' नावाचा प्रोग्रॅमच होता त्यासाठी! नंतर आली 'मॅजिक कुकी': १२८ बिटांची खूण, फक्त मालकाला वाचता येईल अशा फाईलमध्ये ठेवलेली.

पण ही राखण फक्त दिंडी दरवाजाची. एकदा आत आलं की दुसऱ्याच्या कळा ऐका, त्याच्या खिडकीचं चित्र घ्या, खोट्या कळा दाबा, सगळं चालायचं. निष्काळजीपणा म्हणावा, तर तसंही नाही. खिडक्या हलवणारा विंडो मॅनेजरही तिथे एक साधा प्रोग्रॅमच, त्याला हे अधिकार लागतातच. आणि सर्व्हरला साव-चोर ओळखता येत नव्हते. एक्सटर्मच्या मेनूत 'सिक्युअर कीबोर्ड' असा पर्याय द्यावा लागला, यातच सगळं आलं.

१९९६ मध्ये विश्वासू आणि अविश्वासू असा भेद करून पाहिला. अविश्वासू ठरवलेले कित्येक प्रोग्रॅम धड चालेनात. शेवटी डेबियनने एसएसएचमधून येणाऱ्या सगळ्यांना मुळातच विश्वासू धरलं. झालं!

त्यात सर्व्हर स्वतः बहुतेक ठिकाणी रूटच्या अधिकाराने चालायचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये उघड झालेल्या एका चुकीमुळे साध्या वापरकर्त्यालाही त्याच्यामार्फत रूट होता येत होतं.

२००८ मध्ये क्रिस्टियान होग्सबर्गने वेलँड सुरू केलं. तिथे प्रत्येकाला फक्त आपली खिडकी दिसते, आपल्याच कळा ऐकू येतात. नोव्हेंबर २०१६ च्या फेडोरा २५ मध्ये ते मूळ पर्याय म्हणून आलं आणि पडद्याचं चित्र घेणारे जुने प्रोग्रॅम आंधळे झाले. आता त्यांना आधी परवानगी मागावी लागते. लोक कुरकुरले, पण मला हा सौदा पटतो.

फक्त एक पोटमाळा राहिलाय. जुने एक्सचे प्रोग्रॅम वेलँडवर 'एक्सवेलँड'मधून चालतात, आणि तिथे ते एकमेकांचं अजूनही ऐकू शकतात.