घणाखालचं नाणं आणि रायगडावरचं एक कलम

मागच्या वेळी आपण चौल बंदरापर्यंत आलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ, पण हातात एक नाणं घेऊन.

१६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन निघाला. चौल, मग अष्टमी, म्हणजे आपल्या रोह्याला लागून असलेली, पुढे निजामपूर आणि पाचाड. आज आपण इथे कासूला बसलो आहोत. ती वाट इथून फार लांब नाही. त्याच्याजवळ तहाची कलमं होती. त्यातलं एक नाण्यांबद्दल होतं: कंपनीचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. मुंबई कंपनीकडे येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, आणि गव्हर्नर आंजियरने १६७२ मध्ये तिथे टांकसाळ सुरू केलेली. नाणं पाडलं, पण घेणार कोण?

महाराजांचं उत्तर आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की हे कलमात घालायची गरजच नाही. नाण्यात जेवढा धातू आहे त्याहून जास्त किमतीला ते घ्या, अशी सक्ती रयतेवर करता येणार नाही. मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतका कस आणि वजन असेल, तर आमची मनाई नाही.

हे नीट कळायला नाणं कसं व्हायचं ते बघावं लागतं. एक ठसा खाली ऐरणीत पक्का, दुसरा हातात, मध्ये धातूची चकती, वरून घण. प्रत्येक घाव वेगळा. त्यामुळे दोन शिवराया हुबेहूब सारख्या मिळत नाहीत. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून एखादं अक्षर हमखास बाहेर जातं. कोकण किनाऱ्यावर चालणारी लारी तर चांदीची दुमडलेली तारच. तिच्यावर अक्षरांचा तुकडाच उमटायचा.

इंग्लंडातही हेच. तिथली चांदीची पेनी शतकानुशतकं घणाखालीच घडली. कडा वेड्यावाकड्या, मग लोक कातरून चांदी काढायचे. १२४७ मध्ये क्रूसाच्या रेघा थेट काठापर्यंत नेल्या, कातरलेलं दिसावं म्हणून. कातरणं काही थांबलं नाही. १६६२ पासून यंत्राची नाणी आली, तरी जुनी कातरलेली नाणी १६९६ पर्यंत बाजारात होतीच. म्हणजे राजाचा छाप असला तरी तराजू लागायचाच. आपल्याकडे सराफ तेच करायचा आणि बट्टा कापायचा. महाराजांनी फक्त ते राजाच्या तोंडून कबूल केलं, एवढंच. (आणि हो, परकीय वकिलासमोर!)

आता आपल्या घरचं. शिवराई शेतात, जुन्या जोत्यात अजून सापडते. कृपा करून चिंच लावून घासू नका. अक्षरं आधीच अर्धी असतात, उरलेलीही जातात. भंगारात तर वजनावर देऊच नका. आणि जमिनीत पुरलेला साठा सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. कुठल्या खोलीवर, कशाच्या भांड्यात, शेजारी काय होतं, हे लिहून ठेवा. नुसत्या नाण्यापेक्षा आम्हाला ते जास्त सांगतं.

पुढच्या भागात दुदांडी शिवराई घेऊ. आता कोणी नाणी आणली असतील तर पुढे या, हातात घेऊन बघू.