झेनर डायोड : एका नावाची कथा

विद्युद्दाब स्थिर राखण्याचे सर्वांत साधे मंडल आपल्या परिचयाचे आहे. उगमाशी एकसरीत एक रोध जोडावयाचा व त्यापुढे, भाराला समांतर, डायोड उलट दिशेने बसवावयाचा. उगमाचा दाब वाढला की डायोडमधील प्रवाह वाढतो, वाढीव दाब रोधातच खर्ची पडतो आणि भारावरील दाब जवळजवळ होता तसाच राहतो. हेच कार्य पूर्वी वायुभारित नलिका करीत. परंतु त्यांचा दाब सामान्यतः ७५ ते १५० व्होल्ट असे, आणि ट्रान्झिस्टरच्या मंडलांना तो निरुपयोगी होता.

या डायोडला ज्याचे नाव लाभले त्या क्लॅरेन्स झेनरने डायोडविषयी काहीच लिहिले नव्हते. रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९३४ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निबंध विद्युतरोधक घन पदार्थांच्या भंगाविषयी होता. तीव्र क्षेत्रात इलेक्ट्रॉन निषिद्ध ऊर्जापट्टा ओलांडून न जाता, पुंजयामिकीच्या नियमांनुसार, त्याच्या आरपार निघून जातात, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९५१ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मॅकॅफी, रायडर, शॉक्ली व स्पार्क्स यांना जर्मेनियमच्या संधीत उलट दाबाखाली एकाएकी वाढणारा प्रवाह आढळला. त्यांनी त्यास ‘झेनर प्रवाह’ म्हटले, आणि नाव रूढ झाले.

तथापि हे निदान फार काळ टिकले नाही. १९५३ मध्ये मॅके व मॅकॅफी यांनी, आणि १९५४ मध्ये एकट्या मॅकेने, दाखवून दिले की अशा संधींत वेगवान इलेक्ट्रॉन आघाताने नवे वाहक मुक्त करतात व त्यांचा हिमलोट होतो. वायूंतील विसर्गाविषयी टाउन्सेंडने मांडलेल्या कल्पनेशी ही उपपत्ती अगदी जवळची आहे. म्हणजे नलिकेला हद्दपार करणारा डायोड बहुधा तिच्याच कुळातला निघाला! झेनरची क्रिया खरी ठरली ती अत्यंत अरुंद संधींत, सुमारे ५ व्होल्टच्या खाली.

हा केवळ नावाचा वाद नव्हे. १२ व्होल्टच्या डायोडचे स्पष्टीकरण झेनरच्या उपपत्तीने देणारी पाठ्यपुस्तके विद्यार्थ्याची दिशाभूल करतात, कारण तापमानाचा परिणाम दोहोंत परस्परविरुद्ध असतो. संधी तापली की ऊर्जापट्टा अरुंद होऊन झेनर-भंगाचा दाब उतरतो. उलट, जालकाच्या वाढत्या कंपनांनी इलेक्ट्रॉनांना वेग घेणे कठीण होते व हिमलोटाचा दाब चढतो. ५ ते ६ व्होल्टच्या दरम्यान दोन्ही परिणाम जवळजवळ परस्परांस छेदतात. संदर्भदाबासाठी त्या आसपासचे डायोड पसंत केले जातात ते याचमुळे.